आपण वीगन, घरात कुत्री आणि बोका: त्यांच्या भांड्यात काय असावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोन वर्षांपासून वीगन आहात. घरात चार वर्षांची, १२ किलो वजनाची, नसबंदी झालेली कुत्री आहे आणि नुकताच दत्तक आणलेला सात महिन्यांचा बोका आहे. त्यांच्यासाठी मांसाचं खाद्य विकत घेताना दर वेळी मन खातं. दोघांनाही वनस्पतीजन्य आहारावर आणता येईल का? आणि येत नसेल, तर वीगन माणसाने प्राणी पाळावेत का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. कुत्रीला आणता येईल, काही अटी पाळून. बोक्याला आणू नका. आणि पाळण्याबद्दल म्हणाल, तर तुम्ही दोघांना घरात घेतलंय, त्यामुळे तो प्रश्न या दोघांपुरता मिटलेला आहे. पुढच्या प्राण्याबद्दल मात्र तो विचारायलाच हवा.

मांस बरं की वनस्पती, एवढ्यावर हा प्रश्न थांबत नाही. प्रयोग फसला तर भोगणार कोण, हे खरं विचारायचं आहे. तुम्ही स्वतःचा आहार बदललात तेव्हा थकवा आला असता तर तुम्हाला कळलं असतं. रक्त तपासून बी१२ सुरू केलं असतं. कुत्रीला हे सांगता येत नाही, आणि मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत असते. म्हणून हा बदल सुरक्षित आहे हे दाखवण्याची जबाबदारी बदल करणाऱ्यावर येते. वीगन सोसायटीच्या व्याख्येतही प्राण्यांचं शोषण 'शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर' टाळायचं, असं म्हटलं आहे. या शब्दांकडे पळवाट म्हणून पाहू नका. आपल्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या प्राण्याच्या बाबतीत काय व्यवहार्य आहे, हे त्याच्या शरीरावरून ठरतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. ज्याला हा आहार यशस्वी व्हावा असं मनापासून वाटतं, त्याच्या नजरेवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. वनस्पतीजन्य आहारावरची सर्वांत मोठी सर्वेक्षणं, म्हणजे २०२२ मधलं अडीच हजारांहून अधिक कुत्र्यांचं आणि २०२३ मधलं सुमारे १,३७० मांजरांचं, पालकांनी दिलेल्या उत्तरांवर बेतलेली आहेत. दोन्हींत वीगन खाद्यावरच्या प्राण्यांची तब्येत इतरांपेक्षा वाईट दिसली नाही. ही माहिती मोलाची आहे. पण 'माझा प्राणी ठणठणीत आहे' असं पालकाने सांगणं आणि रक्त-लघवीच्या अहवालातून ते दिसणं यांत अंतर असतं. तुमच्या घरातही हेच होणार आहे, म्हणून जिथे जमेल तिथे मोजमाप करा.

कुत्रीपासून सुरू करू. कुत्रा माणसाच्या सोबतीने बदललेला प्राणी आहे. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज जनुकाच्या प्रती कितीतरी वाढल्या आहेत. २०१३ मध्ये हे जनुकीय अभ्यासातून दिसलं. कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व, लिनोलेइक आम्लापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल आणि मेथिओनिन-सिस्टीन या अमिनो आम्लांपासून टॉरिन (हृदय आणि डोळ्यांना लागणारा घटक) हे सगळं निरोगी कुत्रा स्वतःच तयार करू शकतो. तेव्हा कुत्र्याला मांसच हवं असं नाही, त्याला विशिष्ट पोषक घटक हवेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ कुत्र्यांना वर्षभर बाजारातलं वनस्पतीजन्य खाद्य दिलं आणि रक्ताच्या तपासण्या केल्या; ती सगळी वर्षभर सुस्थितीत राहिली. १५ हा आकडा लहान आहे आणि एक वर्षही थोडंच. पण त्याच वर्षी ब्रिटिश व्हेटर्नरी असोसिएशनने कुत्र्यांच्या वनस्पतीजन्य आहाराला असलेला विरोध मागे घेतला. मांजरांच्या बाबतीत मात्र मत बदललं नाही.

'आणता येईल' म्हणतो ते तुमच्या कुत्रीकडे पाहून. प्रौढ, निरोगी, नसबंदी झालेली, मध्यम वजनाची. पिल्लू, गाभण किंवा अंगावर पाजणारी मादी, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेला कुत्रा यांच्यासाठी मी हा बदल सुचवत नाही. कॉकर स्पॅनियल, गोल्डन रिट्रीव्हर आणि न्यूफाउंडलंड या जातींत टॉरिन कमी पडण्याची प्रवृत्ती असते. डॉबरमनमध्ये हृदयाच्या स्नायूचा आजार मुळातच आनुवंशिक आहे. अशा जातीत मी हृदयाची सोनोग्राफी झाल्याशिवाय पुढे जात नाही.

आता खाद्य. पाकिटावर पुढच्या बाजूला काय छापलंय ते सोडून द्या, मागे वळवा. 'प्रौढ कुत्र्यांसाठी संपूर्ण व संतुलित आहार' अशा अर्थाचं वाक्य हवं आणि ते पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को किंवा युरोपातल्या फेडिआफ या संस्थेच्या निकषांवर आधारलेलं हवं. 'पूरक खाद्य' असं लिहिलं असेल तर ते रोजचं जेवण होऊ शकत नाही. त्यानंतर प्रथिनं बघा, पण पाकिटावरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. त्यात पाणीही मोजलेलं असतं. कोरड्या खाद्यात २४ टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी असेल तर २४ भागिले ९०, म्हणजे कोरड्या अंशात जवळजवळ २७ टक्के. डब्यातल्या ओल्या खाद्यात ८ टक्के प्रथिनं आणि ७८ टक्के पाणी असेल तर ८ भागिले २२, म्हणजे ३६ टक्के. आकडा लहान दिसतो, प्रथिनं जास्त निघतात. आफ्कोच्या निकषानुसार प्रौढ कुत्र्याला कोरड्या अंशात किमान १८ टक्के प्रथिनं लागतात. मात्र वनस्पतीजन्य प्रथिनांची पचनक्षमता आणि अमिनो आम्लांचा समतोल लक्षात घेता मी २५ टक्क्यांच्या आसपासचं खाद्य निवडतो. घटकांत टॉरिन, एल-कार्निटीन आणि मेथिओनिन वेगळे घातलेले दिसले तर बनवणाऱ्याने विचार केलाय असं समजा. डी३ जीवनसत्त्व कशापासून बनवलंय हेही विचारून घ्या. ते बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणातून येतं, लायकेनपासून बनवलेलंही मिळतं.

कंपनीला एक ईमेल जरूर पाठवा. पोषणतज्ज्ञ कोण आहेत, त्यांचं शिक्षण काय, तयार मालाची तपासणी प्रयोगशाळेत होते का आणि त्याचा अहवाल मिळेल का, एवढंच विचारा. हे कुचकं विचारणं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत बाजारातल्या २४ शाकाहारी कुत्रा-मांजर खाद्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतली १८ च अमिनो आम्लांच्या सगळ्या किमान निकषांवर उतरली होती.

कडधान्यं, धान्य आणि भाज्या शिजवून घरीच जेवण बनवायचं मनात असेल तर थांबा. कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृतींचं विश्लेषण २०१३ मध्ये झालं आणि ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. त्यांत बऱ्याचशा मांसाच्या कृती होत्या, म्हणजे मांस घातलं की भागतं असंही नाही. बिनमांसाच्या जेवणात आधी कॅल्शियम, जस्त, ड आणि बी१२ जीवनसत्त्व कमी पडतं. डाळींतलं फायटेट जस्ताला बांधून ठेवतं. जस्त कमी पडलं की डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला आणि कोपरांवर खपल्या धरतात, आणि ते त्वचेची अ‍ॅलर्जी समजून महिनोन्महिने मलमं लावली जातात. घरी बनवायचंच असेल तर पशुपोषणतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये कृती घ्या आणि तीत काही बदलू नका. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असलेलं काहीही तिच्या भांड्यात जाता कामा नये.

बदल सुरू करण्याआधी तिचं वजन, रक्ताची पूर्ण मोजणी, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, लघवीची तपासणी आणि रक्तातलं टॉरिन पाहून घ्या. टॉरिनसाठी नुसत्या प्लाझ्मापेक्षा पूर्ण रक्ताची तपासणी अधिक भरवशाची, कारण प्लाझ्मातली पातळी उपाशीपोटी खाली येते. या तपासण्या आधी झाल्या नाहीत तर सहा महिन्यांनी आलेला आकडा कशाशी ताडून बघणार? त्यानंतर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा करा. लघवीकडे विशेष लक्ष द्या. वनस्पतीजन्य आहाराने लघवी अल्कधर्मी होण्याकडे झुकते, आणि माद्यांत स्ट्रुवाइट नावाचे मूत्रखडे बहुतेक वेळा मूत्रमार्गाच्या संसर्गातून होतात. पीएच वाढलेला दिसला तर लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) करून घ्या, नुसता आहाराला दोष देऊन थांबू नका.

हृदयाबद्दल तुम्ही वाचलं असेलच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) जुलै २०१८ मध्ये धान्यविरहित, वाटाणा-मसूर-हरभऱ्यासारख्या कडधान्यांवर भर असलेली खाद्यं आणि कुत्र्यांतली डायलेटेड कार्डिओमायोपथी (हृदयाचा स्नायू ताणून कमजोर होण्याचा आजार) यांच्या संभाव्य संबंधाकडे लक्ष वेधलं. तो कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, आणि त्या यादीत मांस असलेली खाद्यंही होती. पण वनस्पतीजन्य खाद्यांत कडधान्यं भरपूर असतात, म्हणून दोन पर्याय समोर असतील तर ओट्स, तांदूळ किंवा मका यांच्याबरोबर सोया असलेलं निवडा. पहिल्या पाच घटकांत तीन प्रकारची कडधान्यं असलेलं टाळा.

प्रत्यक्ष बदल १२ दिवसांत करा: तीन दिवस एक चतुर्थांश नवं, मग तीन दिवस निम्मं, तीन दिवस तीन चतुर्थांश, मग पूर्ण. शी सैल झाली तर एक पायरी मागे या आणि तिथे चार-पाच दिवस थांबा. शीचं प्रमाण थोडं वाढेल, वायूही होईल. तंतुमय पदार्थ वाढल्याचा तो परिणाम आहे. मोजून द्यायला हवं. १२ किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्रीला दिवसाला साधारण ७२० किलोकॅलरी पुरतात. खाऊ धरला तर त्यातल्या ७० पर्यंत. हा हिशोब सुरुवातीपुरता. खरं माप तिच्या बरगड्या. स्वतःच्या हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा, हाडं जशी हलकीशी लागतात तशा तिच्या बरगड्या हाताला लागायला हव्यात. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर ती बारीक झालीय. तळहातासारख्या दबलेल्या लागल्या तर जाड.

आणि सुरू करण्याच्या आदल्या दिवशी एका कागदावर कधी थांबायचं ते लिहून ठेवा. महिन्याभरात ६०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन उतरलं. दोन आठवड्यांनंतरही शी सैल. खपल्या, किंवा अंगावरचे केस विरळ. टॉरिन प्रयोगशाळेच्या किमान मर्यादेखाली. यांतलं काहीही घडलं तर जुन्या खाद्यावर परत जायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. चक्कर, खोकला किंवा नेहमीच्या फेरीत मध्येच बसणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. हे आधी लिहायचं, कारण एकदा आहार सुरू झाला की 'अजून पंधरा दिवस बघू' असं मनच सांगायला लागतं.

आता बोका. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. कुत्र्याच्या संदर्भात जी यादी वर दिली, तीतलं जवळजवळ काहीच तिला जमत नाही. कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व ती बनवू शकत नाही. अ‍ॅराकिडोनिक आम्ल आणि टॉरिन पुरेसं बनवू शकत नाही, ट्रिप्टोफॅनपासून नायसिनही नाही. तिचं यकृत प्रथिनं जाळण्याचा वेग फारसा कमी करू शकत नाही, त्यामुळे आहारात प्रथिनं घटली तरी खर्च चालूच राहतो.

टॉरिनचा इतिहास माहीत असायला हवा. टॉरिन कमी पडल्याने मांजरांची दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये कळलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की हृदयाच्या स्नायूच्या आजाराने मांजरं मरत होती त्यालाही टॉरिनच कारणीभूत होतं, आणि ती बाजारातलं, त्या वेळच्या शिफारशींत बसणारं खाद्य खात होती. टॉरिन दिल्यावर हृदय बहुतेक वेळा सावरतं, गेलेली दृष्टी परत येत नाही. त्या खाद्यांत मांस होतं आणि कागदोपत्री सगळं बरोबर होतं, तरी चूक सापडेपर्यंत मांजरं दगावली. मांजराच्या आहारात हिशोब चुकायला जागा फार थोडी आहे.

तुम्ही म्हणाल, आज मांसाच्या खाद्यातही कृत्रिम टॉरिनच घालतात, मग वनस्पतीजन्य खाद्यात घातलं तर बिघडलं कुठे? हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि तत्त्वतः बरोबरही आहे. टॉरिन, रेटिनॉल (अ जीवनसत्त्व), नायसिन सगळं कारखान्यात बनतं; अ‍ॅराकिडोनिक आम्ल बुरशीपासून मिळतं. तरीही मी नाही म्हणतो, कारण तो हिशोब पाकिटात आणि पोटात खरोखर जुळतो याचा मांजरांवरचा नियंत्रित, दीर्घकालीन पुरावा अजून पुरेसा नाही. आणि तुमचा बोका सात महिन्यांचा आहे, वाढीत आहे. वाढीच्या वयात आफ्को कोरड्या अंशात किमान ३० टक्के प्रथिनं मागतं.

शिवाय तो नर आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. मांजराच्या लघवीचा पीएच साधारण ६ ते ६.५ असावा. मांसातल्या गंधकयुक्त अमिनो आम्लांमुळे तो आम्लधर्मी राहतो. ती कमी झाली की पीएच चढतो आणि स्ट्रुवाइटचे स्फटिक जमायला लागतात. नराची मूत्रनलिका अरुंद असते, टोकाला तर फारच. चिकट स्राव आणि स्फटिकांचा बारीकसा गोळाही ती बंद करतो. दिसतं कसं ते लक्षात ठेवा. बोका पुन्हापुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जातो, शेपटी उचलून ताणत बसतो, एखादा थेंब पडतो किंवा पडतच नाही, मग खाली वाकून चाटतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. बंद मूत्रमार्ग एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो, म्हणून असं दिसलं की रात्र असो वा पहाट, लगेच दवाखाना गाठा. खाद्य कुठलंही असलं तरी हे लागू आहे.

'भूक लागली की खाईल' हा सल्ला मांजराच्या बाबतीत घातक आहे. एक-दोन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं.

मग बोक्याच्या बाबतीत हातात काय उरतं? बरंच. पूर्ण वाढ झाल्यावर चार किलोच्या नसबंदी झालेल्या बोक्याला दिवसाला २४० किलोकॅलरींच्या आसपास पुरतात, तेवढंच द्या. लठ्ठ मांजराने खाल्लेला जादा घास त्याच्यासाठीही वाईट आणि ज्यांचं मांस त्यात गेलं त्यांच्यासाठीही. कत्तलखान्यात माणसासाठी न वापरलेल्या अवयवांपासून बनवलेलं खाद्य घ्या. यकृत, हृदय, फुफ्फुसं मांजराला उत्तम पोषण देतात. फक्त लहान मासे किंवा कोंबडी यांवर भर असेल तर तेवढ्याच वजनासाठी जास्त जीव जातात, हेही ध्यानात घ्या. पेशींपासून वाढवलेलं मांस पाळीव प्राण्यांच्या खाद्यात वापरायला ब्रिटनमध्ये २०२४ साली मान्यता मिळाली आहे. ते मांजरांसाठीच्या संपूर्ण खाद्यात आलं तर माझं उत्तर बदलू शकेल. आणि नसबंदी अजून झाली नसेल तर याच आठवड्यात वेळ घ्या. सात महिन्यांचा बोका पिल्लांचा बाप होऊ शकतो.

त्याला बाहेर मोकळं सोडू नका. मांजर पोट भरलेलं असतानाही शिकार करते, आणि ते पक्षी-सरडेही तुमच्याच हिशोबात धरायला हवेत. २०२१ च्या एका अभ्यासात, बाहेर फिरणाऱ्या मांजरांशी रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यावर त्यांनी घरी आणलेली शिकार सुमारे २५ टक्क्यांनी घटली. मांसातली प्रथिनं भरपूर असलेल्या धान्यविरहित खाद्याने ती ३६ टक्क्यांनी घटली. म्हणजे त्याला कमी पोषक खाद्य दिलंत तर एक जीव वाचवताना दुसरे जाण्याची शक्यता आहे. दोरीला पीस बांधून दिवसातून दोनदा खेळवा. पीस जमिनीलगत सरकवा, दडवा, शेवटी त्याला पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. पाठलाग, झडप आणि खाणं हा क्रम पुरा झाला की तो शांत झोपतो.

राहिला पाळण्याचा प्रश्न. प्राणी पैदास करून विकणं आणि आधीच जन्मलेल्या, घर नसलेल्या प्राण्याला सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला वीगन माणसाने पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. श्वासासाठी धापा टाकणाऱ्या चपट्या नाकाच्या जातींना तर मुळीच नाही. तिथे त्रासच पैदाशीने घडवलेला असतो. दुसरीत मात्र जबाबदारी आहे, आणि तीत कधी मांसाचा डबा उघडावा लागतो. पुढे कधी आणखी प्राणी आणावासा वाटला आणि हे द्वंद्व नको असेल तर दत्तकासाठी असलेली सशांची जोडी बघा. ससा पूर्ण वनस्पतीभक्षी असतो, पण सोपा नसतो: आहारातला चार पंचमांश भाग वाळलेलं गवत हवं, एकट्याने ठेवायचा नाही, आणि १२ तास खाल्लं नाही तर दवाखाना. घरात बोका असताना तो विचारच नको.

एक व्यावहारिक अडचण तुम्हाला पहिल्याच दिवशी येईल. बोका कुत्रीच्या भांड्यात तोंड घालेल आणि कुत्री बोक्याचं डबाभर संपवेल. कुत्र्याचं खाद्य, मांसाचं असो वा नसो, मांजराला पुरत नाही, आणि कुत्रीने रोज मांजराचं खाद्य चोरलं तर तुमच्या तपासण्यांना अर्थ उरणार नाही. म्हणून भांडी भरून ठेवू नका. बोक्याला उंचावर, कुत्रीची उडी पोचणार नाही अशा ठिकाणी दिवसातून तीन-चार वेळा थोडंथोडं द्या. कुत्रीला दोनदा, दार लावून. २० मिनिटांनी दोन्ही भांडी उचला, उरलेलं वजन करून लिहून ठेवा.